आधी नारळ मागा, पैसे नंतर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गोव्यात डिचोली तालुक्यातली अनुदानित मराठी शाळा. वाचनालयाच्या खोलीचं छप्पर गळतंय, ते बदलायचं आहे. पुस्तकांना कपाटं आणि दोन संगणक घ्यायचे आहेत. अंदाज तीन लाखांचा. पालक-शिक्षक संघाबरोबर गावचा स्पोर्ट्स क्लब आणि महिला मंडळही आहे. आजवर लकी ड्रॉची कुपनं आणि ऑर्केस्ट्रा यांवर भागवलंत, पण आता कुपनांचं पुस्तक दिसलं की माणसं वाट बदलतात. म्हणून काहीतरी वेगळं सुचवा, असं म्हणता.

सुचवतो, पण आधी त्या तीन लाखांचे तुकडे करू. संस्थेची माणसं एक रक्कम डोक्यात घेऊन दारोदार जातात, आणि समोरचा ती ऐकून 'बघूया' म्हणतो. आपल्याकडे रोख द्यायला माणूस कचरतो, वस्तू द्यायला कचरत नाही. देवळातल्या उत्सवाला तेल येतं, तांदूळ येतात, नारळ आणि केळ्यांचे घड येतात, मंडपाला झावळ्या येतात. कुणी पावतीपुस्तक घेऊन फिरत नाही. हीच सवय छपराच्या कामी लावा.

एका मोठ्या कागदावर यादी करा. मंगळुरी कौलं किती, वासे आणि रिपा किती, सुताराचे दिवस किती, रंगाचे डबे किती, कपाटं किती. प्रत्येक ओळीपुढे देणाऱ्याचं नाव लिहायला मोकळी जागा ठेवा. एक प्रत शाळेच्या दारात लावा आणि दुसरी घेऊन आधी त्यांच्याकडे जा ज्यांच्या घरात-दुकानात ती वस्तूच आहे: हार्डवेअरवाला, लाकडाची वखार, पालकांमधला सुतार आणि रंगारी. ज्यानं जुनं घर मोडून स्लॅब घातला त्याच्या मागच्या दारी कौलं रचून ठेवलेली असतात, आणि त्याची बायको 'एकदा ही घेऊन जा' म्हणून वाट बघत असते. कौलं जुनी चालतात. वासे मात्र फुकट मिळाले म्हणून घालू नका. वाळवीनं आतून खाल्लेला वासा वरून चांगला दिसतो आणि खाली मुलं बसणार आहेत.

या यादीतला बराच भाग वस्तूंत आणि अंगमेहनतीत सुटतो. जे उरेल तेवढीच रक्कम रोख मागायची. शिवाय ज्यानं पन्नास कौलं दिली तो तुमच्या कार्यक्रमाला येतोच, कारण छपरात आता त्याचा वाटा आहे.

रोख रकमेसाठी तुमच्या गावात सगळ्यांत चांगली चालेल ती पावणी, म्हणजे लिलाव. देवळात अर्पण आलेल्या फळांची, नारळांची पावणी सगळ्यांनी पाहिलेली असते. फेस्ताच्या दिवशी चॅपलाकडेही लिलाव होतो. तेव्हा लोकांना काही समजावून सांगावं लागत नाही. उन्हाळ्यात, मे महिन्याच्या एखाद्या रविवारी संध्याकाळी शाळेच्या पटांगणात ठेवा. मुंबई-पुण्याकडची माणसं घरी आलेली असतात आणि झाडांना फळं असतात.

ती चालते कशी, ते बघा. टेबलावर एक फणस. पुकारणारा म्हणतो, "कापो की रसाळ, ते फोडल्यावरच कळेल. शंभर रुपये!" कुणीतरी दीडशे म्हणतो. मागच्या बाकावरून दोनशे. मग वाड्यावाड्यांत चुरस लागते. वरच्या वाड्यानं पाचशे म्हटलं की खालचा वाडा गप्प बसत नाही. सहाशेला फणस जातो. घेणारा तो खांद्यावर उचलतो, चार पावलं चालतो आणि परत आणून टेबलावर ठेवतो. "शाळेला दिला. परत पुकार." तोच फणस पुन्हा चारशेला जातो, पुन्हा परत येतो. शेवटी ज्याच्या वाट्याला येतो तो तिथंच तेल लावून कापतो आणि पोरांना गरे वाटतो. बाजारात त्या फणसाची किंमत काय असती, हा हिशोब कुणाच्याही डोक्यात नसतो.

तरी तयारी लागते. पुकारणारा गावातला, सगळ्यांना ओळखणारा, थट्टा करणारा पण कुणाला टोचून न बोलणारा हवा. मुख्याध्यापकांनी माईक घेऊ नये, त्यांच्यासमोर कुणी मोकळेपणानं बोली लावत नाही. वीस-पंचवीसच वस्तू ठेवा, सव्वा तासात आटपा. पहिल्या दोन-तीन वस्तू स्वस्तातल्या ठेवा, म्हणजे ज्यांचा खिसा लहान त्यांनाही काहीतरी घरी नेता येतं. आणि पैसे तिथल्या तिथं घ्या. शेजारी एक पालक वही आणि क्यूआर कोड घेऊन बसलेला हवा. 'सकाळी देतो' ही बोली सकाळी विरघळते.

वस्तूंबरोबर कामंही पुकारा, ही यातली खरी गंमत आहे. माड चढणारा पाडेली मिळत नाही म्हणून घराघरात ओरड असते. पालकांमध्ये कुणी पाडेली असेल तर 'पाडेल्याची एक सकाळ' पुकारा आणि बोली कुठवर जाते ते बघा. पावसापूर्वी कौलं चाळून देणं, दहावीच्या मुलाला महिनाभर गणित शिकवणं, चवथीला (गणेश चतुर्थीला) माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळापानांची चौकट, बांधून देणं, क्लबच्या पोरांनी एका रविवारी कुंपण घालून देणं. ज्याची जी कला ती त्यानं द्यावी. मात्र पाडेली, गवंडी यांचं पोट त्याच कामावर असतं, म्हणून त्यांच्याकडून एकच सकाळ घ्या, तीही त्यांनी आपणहून देऊ केली तर. हंगाम सुरू होताना मानकुराद डझनाला काही हजारांत जातो, तेव्हा कुणाच्या झाडाला लवकर आंबा लागला असेल तर त्याची पाटी मेची वाट न बघता तेव्हाच वेगळी पुकारा. खोल्याची किंवा हरमलची मिरची, घरचं कोकमाचं आगळ, भिकणांचं (फणसाच्या आठळ्यांचं) पोतं, पुरुमेंताच्या म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या दिवसांत या गोष्टींना घराघरात गिऱ्हाईक असतं.

दुसरं साधन चवथ. पर्वरी, पणजी, फोंड्याच्या फ्लॅटांत राहणाऱ्या कुटुंबांना माटोळीचं सामान बाजारातूनच घ्यावं लागतं, आणि चवथीच्या आदल्या दोन दिवसांत तिथं उभं राहायला जागा नसते. तुमच्या पालकांच्या कुळागरांत (सुपारी-नारळाच्या बागांत) हेच सामान आहे: असोल्या सुपाऱ्यांचे घोस, नारळ, तोरिंजन, चिबूड, आंबाडे, निरफणस. त्याचे संच बांधा. श्रावण लागताच मागणी नोंदवून घ्या, निम्मे पैसे आगाऊ घ्या, आणि गाडी ठरवून एकाच फेरीत पोचवा. आगाऊ नोंदणी नसेल तर हा खेळ करू नका. चवथीच्या दुसऱ्या दिवशी उरलेल्या तोरिंजनाला कुणी विचारत नाही. रानातली फळं पोरांना पाठवून ओरबाडू नका. माटोळीच्या हौसेपायी काही रानवेली आधीच विरळ झाल्या आहेत. ज्याच्या बागेत जे आहे तेवढंच घ्या.

इथं महिला मंडळाबद्दल एक गोष्ट बोलली पाहिजे. नेवऱ्या (करंज्या), लाडू, चकल्या करून विकू, हा ठराव बैठकीत पटकन पास होतो. पण मंडळातल्या काही बायका चवथीला फराळ करून विकतात, त्यावर त्यांची वर्षाची शिल्लक असते. शाळेच्या नावानं त्याच गावात स्वस्त नेवऱ्या आल्या तर त्यांच्या पोटावर पाय येतो, आणि त्या तोंड उघडत नाहीत. त्यांच्याकडूनच त्यांच्या भावानं घ्या, शाळेचा वाटा वर लावा आणि तो किती आहे हे पिशवीवर छापा. खाण्याचा पदार्थ विकताना एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी कुणाच्या नावावर आहे, हेही आधी बघा.

क्लबकडे घुमट (मातीचं चर्मवाद्य) वाजवून आरती करणारं पथक असेल तर चवथीच्या दिवसांत बोलावणं येईल त्या घरी जाऊन आरती करा आणि मिळणारी बिदागी शाळेला द्या. खर्च शून्य. घुमटाला कातडं बकऱ्याचं असू द्या, पूर्वीसारखं घोरपडीचं नको. घोरपड संरक्षित प्राणी आहे.

तुमची गरज वाचनालयाची असल्यामुळे एक उपाय तुम्हालाच शोभेल असा आहे. मुलांनी जुलै ते सप्टेंबर या पावसाच्या महिन्यांत पुस्तकं वाचायची आणि वाचलेल्या प्रत्येक पुस्तकामागे नातेवाइकानं ठरलेली रक्कम द्यायची. मामा दहा रुपये, आजोबा वीस. यात गोव्याबाहेरची आत्या-मावशीसुद्धा फोनवरून सामील होते. वरची मर्यादा घाला, नाहीतर एखादी मुलगी चाळीस पुस्तकं वाचेल आणि मामाचं तोंड उतरेल. आणि रक्कम मुलाच्या नावापुढे अजिबात लिहू नका. कुणाचा मामा आखातात असतो, कुणाला मामाच नसतो. फलकावर वर्गानं मिळून किती पुस्तकं वाचली एवढंच लिहा. वाचलं की नाही हे तपासायला परीक्षा नको. मुलानं वर्गात पुस्तकातली एक गोष्ट सांगावी, पुरे.

स्मरणिकेचं म्हणाल तर मी आता ती कुणालाच सुचवत नाही. छपाईत अर्धे पैसे जातात, आमदारांचा शुभेच्छा संदेश आणि सरपंचांचा फोटो यांनी पहिली पानं भरतात, जाहिरात देणारा स्वतःचं पान बघतो आणि अंक कपाटावर टाकतो. त्याऐवजी गावाची भिंतीवरची दिनदर्शिका काढा. बारा पानं, बारा जाहिरातदार. तिच्यात गावचा काला, जत्रा, सप्ताह, शेजारच्या गावांचे उत्सव, डिचोलीचा बुधवारचा बाजार, शाळेच्या परीक्षा, ग्रामसभा, पंचायतीचा कचरा उचलण्याचा वार. दर पानावर एका वर्गाचं चित्र. ती वर्षभर स्वयंपाकघरात लटकते, म्हणून जाहिरातदाराला पुढच्या वर्षी पटवावं लागत नाही, तोच विचारतो. तारखा देवस्थान समितीकडून लेखी घ्या. छापलेल्या दिनदर्शिकेत काल्याचा दिवस चुकला तर गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही. नोव्हेंबरच्या शेवटी छापून हातात हवी. जानेवारीत ती रद्दीच्या भावानं जाते.

रद्दीवरून आठवलं: महिन्यातून एका शनिवारी मुलांनी घरची रद्दी आणि पुठ्ठे शाळेत आणायचे, भंगारवाल्याला एकदम विकायचे. रक्कम छोटी, पण दर महिन्याची. जूनमध्ये काजू, कोकम, फणसाची रोपं विकता येतात. क्लबानं फुटबॉलचे सामने घ्यावेत, संघांच्या प्रवेश फीतून थोडं सुटतं. करंडकांवर उधळू नये एवढंच.

नाटक करायचं मनात असेलच. गोव्यातल्या मराठी गावात नाटकाशिवाय काही पूर्ण होत नाही, आणि तुमच्या जवळ साखळीचं रवींद्र भवन आहे. पण नाटकातून पैसे उरवायचे असतील तर तीन गोष्टी ध्यानात घ्या. उत्सवातलं नाटक देवळासमोर, फुकट बघायची लोकांना सवय आहे. तिकीट लावलं की तोच माणूस विचार करतो. दुसरं, लेखकाची परवानगी. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये हौशी मंडळींना सूट आहे, पण ती प्रेक्षकांकडून पैसे न घेता केलेल्या प्रयोगाला किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलेल्या प्रयोगाला. शाळेसाठी तिकीट लावून केलेला प्रयोग त्यात बसत नाही. म्हणजे जत्रेत बिनघोर केलेलं नाटक शाळेसाठी करताना लेखकाला किंवा वारसांना विचारावं लागतं आणि मानधन द्यावं लागतं. तिसरं, उघड्यावर करणार असाल तर ध्वनिक्षेपकाची परवानगी घ्या आणि रात्री दहाला पडदा पडेल असं नाटक निवडा. उत्सवांसाठी वर्षातले काही मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट मिळते. शाळेच्या मदतनिधीला ती मिळेल असं धरून चालू नका.

नाटकाचा खर्च आधी प्रायोजकाकडून निघाला पाहिजे. समजा ध्वनी, प्रकाश, सभागृह, मानधन मिळून चाळीस हजार लागतात आणि तिकीट शंभराचं आहे. म्हणजे पहिली चारशे तिकिटं शाळेसाठी नाहीतच. हे गणित घालून बघितलं की बऱ्याच जणांचा नाटक-ऑर्केस्ट्रा करायचा उत्साह मावळतो, आणि मावळावा. प्रमुख पाहुणा म्हणून मंत्री बोलावू नका. ते दोन तास उशिरा येतात, हार-शाल-समई यांवर खर्च होतो, आणि पंचायतीच्या निवडणुकीचं वारं असेल तर अर्धा गाव घरी बसतो.

आता कुपनांबद्दल. गोव्यात क्लबांपासून उत्सव समित्यांपर्यंत सगळे ती काढतात, म्हणून ती कायद्यात बसतात असा समज आहे. १९९८च्या लॉटरी नियमन कायद्याप्रमाणे लॉटरी चालवायची मुभा राज्य सरकारांना आहे, आणि भारतीय न्याय संहितेचं कलम २९७ सरकारी परवानगीशिवाय सोडत चालवणाऱ्यांसाठी आहे. क्लबाला काय करायचं ते क्लब बघेल. शाळेचं नाव त्यावर घालू नका आणि मुलांच्या हाती कुपनपुस्तकं देऊ नका. पुस्तक खपलं नाही की बाप गुपचूप सगळी कुपनं स्वतः घेतो. ती सक्तीची वर्गणीच झाली. पालकांकडून वर्गणी घेतानाही जपा: शिक्षण हक्क कायद्याचं कलम १३ प्रवेशाच्या वेळी कॅपिटेशन फी घ्यायला बंदी करतं, आणि ठरलेल्या फीखेरीज घेतलेली कुठलीही देणगी त्या व्याख्येत येते. प्रवेशअर्जासोबत देणगीची पावती फाडू नका.

माजी विद्यार्थ्यांकडे जाल तेव्हा गोव्यात एक प्रश्न हमखास येतो, आणि संस्था त्यात नकळत अडकतात. आखातात नोकरीला असलेला, भारतीय पासपोर्टचा मुलगा स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पैसे पाठवतो, ते चालतं. पण लंडनला गेलेल्या मुलानं पोर्तुगीज पासपोर्ट घेतला असेल तर कायद्याच्या लेखी तो परदेशी. मूळ भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी, गावात घर असलं तरी, त्यानं रुपयांत दिले तरी. त्याची देणगी घ्यायला संस्थेकडे एफसीआरएची (परदेशी देणग्यांच्या कायद्याची) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी, आणि ती रक्कम दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठराविक शाखेतल्या खात्यातच यावी लागते. गावच्या शाळेला हे झेपणारं नाही. त्याचे पैसे त्याच्या भावाच्या खात्यातून फिरवून आणायचा सल्ला कुणी देईल, तो ऐकू नका. त्याला चवथीला घरी आल्यावर मुलांशी बोलायला बोलवा. तेवढं पुरे.

कर-सवलतीचं आमिष फार दाखवू नका. ज्याला आपण ८०-जी म्हणतो ती वजावट नव्या कर-पद्धतीत मिळत नाही, आणि पगारदारांतले बरेच आता नव्या पद्धतीत आहेत. ज्यांना हवी त्यांच्यासाठी शाळा चालवणाऱ्या संस्थेकडे मान्यता आहे का ते बघा. पालक-शिक्षक संघाकडे ती बहुधा नसते. दोन हजारांवरची रोख देणगी वजावटीला चालत नाही, म्हणून मोठी रक्कम बँकेतूनच घ्या.

कुंडई, पिळर्ण, वेर्ण्याच्या कारखान्यांकडे सीएसआरसाठी (कंपन्यांच्या समाजकार्याच्या निधीसाठी) अर्ज करणार असाल तर संस्थेची सीएसआर-१ नोंदणी लागते, आणि एवढ्या लहान कामासाठी तो कागदपत्रांचा डोंगर चढावा असं मला वाटत नाही. त्यांच्या संगणक विभागाकडे जा. कंपन्या काही वर्षांनी संगणक बदलतात आणि जुने निकालात काढतात. दोन संगणक तुम्हाला तिथूनच मिळतील, फक्त त्यांच्या लेटरहेडवर दिल्याची नोंद घ्या.

हिशोब कसा ठेवायचा, हे कल्पनांच्या यादीत कुणी घालत नाही, पण पुढच्या वर्षीची देणगी त्यावर अवलंबून असते. क्यूआर कोड संस्थेच्या खात्याचा हवा, खजिनदाराच्या फोनचा नको, खजिनदार कितीही सज्जन असो. खात्यावर दोघांच्या सह्या. कार्यक्रम झाल्यावर आठवड्याच्या आत जमा-खर्च शाळेच्या दारात त्या यादीच्या कागदाशेजारी लावा, चहाचे पैसेसुद्धा लिहा. फणस सहाशेला गेला हे लोकांना आठवत असतं, ते वहीत आहे का हे ते बघतात.

एक गोष्ट पहिल्याच बैठकीत ठरवून पावतीवर छापून टाका: पैसे कमी पडले तर आधी छप्पर करायचं की संगणक, आणि उरले तर त्यांचं काय. मला विचाराल तर कमी पडल्यास छप्पर, उरल्यास पुस्तकं. हे आधी लिहिलेलं नसलं की उरलेले दहा-बारा हजार रुपये गावात तीन वर्षं भांडण चालवायला पुरतात.